आवडलं, पण का आवडलं?

आमच्या गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, वहीवर सह्या-अंगठे झाले की शेवटची वीस मिनिटं वाचनाची. पुस्तक गावच्या वाचनालयातून आणतो. एक जण मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात, मग प्रत्येकीने आपलं मत सांगायचं. हे मत कसं द्यायचं, त्याबद्दल आज बोलू.

सुरुवातीला आमची चूक झाली. शांता शेळके यांचं ‘पाण्यावरच्या पाकळ्या’ वाचायला घेतलं होतं. हा जपानी हायकूंचा मराठी अनुवाद. हायकू म्हणजे तीन ओळींची कविता. जपानीत तिची घडण पाच, सात, पाच अशी असते. त्यात बहुधा निसर्गातला एखादा क्षण टिपलेला असतो, बाकीचं ऐकणाऱ्यावर सोडलेलं. आम्ही दोघी-तिघी शिकलेल्या. लगेच अर्थ सांगून मोकळ्या झालो. झालं, सगळ्या गप्प! “तुम्ही शिकलेल्या. आम्हाला काय कळतंय?”

पुढच्या बैठकीत अर्थ सांगितलाच नाही. तीच पानं सावकाश दोनदा वाचली आणि विचारलं, “ऐकताना डोळ्यांपुढं काय आलं?” अंगठा उठवणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “पाऊस उघडल्यावर बांधावर उभी राहिले की मला असंच होतं. सांगता येत नाही एवढंच.” दुसरी म्हणाली, “सुरू होतंय तोवर संपलं की! आपली जात्यावरची ओवी बरी, तिच्यात माहेर तरी येतं.” दोघींनी कारण दिलं, म्हणून दोन्ही मतं पक्की.

मग चिं. वि. जोशींचा चिमणराव आणला. चिमणराव आणि गुंड्याभाऊंच्या फजितीला हसून हसून पुरेवाट. तरी एक सूनबाई म्हणाली, “गोष्ट चिमणरावच सांगतो. त्याच्या बायकोला, काऊला, सांगायला लावली तर?” त्यावर घटकाभर चर्चा रंगली. हलकंफुलकं पुस्तकही असं बोलतं करतं.

तुमच्या गटात करायचं तर एवढं सांभाळा. जी कमी बोलते तिला आधी बोलू द्या. “आवडलं” किंवा “नाही आवडलं” यावर थांबू नका, “कारण” जोडा. कंटाळा आला तर तेही सांगा, पुस्तक अर्धं सोडलं तरी दंड नाही. दुसरीचं ऐकून मत बदललं तर त्यात कमीपणा नाही. आणि कुणी वेगळं बोललं म्हणून हसायचं नाही.

मागच्या महिन्यात कर्ज आधी कुणाला द्यायचं हे ठरत होतं. त्याच मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “मला हे पटलं नाही, कारण…” आम्ही यादी पुन्हा वाचली, क्रम बदलला. पुस्तकावर बोलता बोलता त्यांना हे “कारण” सापडलं होतं.

येत्या बैठकीत एखादं पुस्तक नक्की घेऊन या.