बेंबीतली गाठ, आणि पोटाचा काय संबंध?

आज थोडा जड विषय आहे, पण ऐका.

जठराचा कॅन्सर पसरला की साधारणपणे लिव्हर, पोटाच्या आतलं अस्तर, फुप्फुसं इथे जातो. डॉक्टर तिथे शोधतातच. पण कधीकधी तो भलतीकडेच उगवतो. उदाहरणार्थ, बेंबीत!

अमेरिकेत रॉचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये सिस्टर मेरी जोसेफ नावाच्या नन होत्या. सर्जन विल्यम मेयो यांच्या ऑपरेशनमधल्या मदतनीस. ऑपरेशनआधी पेशंटचं पोट साफ करताना त्यांच्या लक्षात आलं, की काहींच्या बेंबीत कडक गाठ लागते, आणि अशांच्या पोटात कॅन्सर बराच पसरलेला निघतो. तेव्हा सीटी स्कॅन वगैरे काही नव्हतं, फक्त बोटं. मेयोंनी 1928 मध्ये या गाठीबद्दल लिहिलं. तिला सिस्टरांचं नाव मिळालं ते थेट 1949 मध्ये, त्या वारल्यानंतर दहा वर्षांनी. उशीरच झाला म्हणायचा.

दुसरी जागा, डाव्या कॉलरबोनच्या वर. डावीच का? तर शरीरातला बहुतेक लिम्फ, पोटातलासुद्धा, एका मोठ्या नळीतून वर येतो आणि मानेच्या डाव्या बाजूला शिरेत रिकामा होतो. कॅन्सरच्या पेशी त्याच रस्त्याने येऊन तिथल्या गाठीत अडकतात. जर्मन डॉक्टर विर्खो यांनी हे 1848 मध्येच सांगितलं होतं.

बायकांमध्ये तो ओव्हरीतही जातो. 1896 मध्ये क्रुकेनबर्ग यांना असा ट्यूमर ओव्हरीचाच वाटला होता. मूळ बहुतेकदा जठरात असतं, हे नंतर कळलं.

आता लगेच आरशासमोर जाऊन बेंबी दाबू नका! तिथला मऊ, दाबल्यावर आत जाणारा फुगवटा बहुधा हर्निया असतो. (तोही दाखवायचाच.) कडक, वाढणारी, पाणी किंवा रक्त येणारी गाठ असेल तर मात्र सर्जनकडे लगेच.

आणि खरं सांगू का, गाठ दिसते तोपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्याआधीची लक्षणं साधी असतात. दोन घासांत पोट भरणं, वजन उतरणं, काळी शी, गिळायला त्रास. आपल्याकडे बाबा लोक यावर महिनोन् महिने मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणून खातात. गोळीने बरं वाटतंही, तिथेच घोळ होतो. त्यांना डॉक्टरांकडे न्या. एंडोस्कोपी सांगितली तर घाबरू नका, आतली तपासणी बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटांत उरकते.