देवगांडुळाचे सेशेल्समधले भाऊबंद

घोडबंदर रस्त्यालगतच्या मानपाड्यामागे येऊरचे डोंगर उभे आहेत. त्यांचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. याच लाव्हाच्या थरांवर वसलेल्या खंडाळ्याच्या मातीत एक बिनपायाचा उभयचर, म्हणजेच देवगांडूळ, राहतो. एडवर्ड टेलर यांनी 1960 मध्ये त्याला इंडोटायफ्लस बॅटर्सबाय असे नाव दिले. अंगावरच्या वलयांमुळे लोक देवगांडुळाला गांडूळ समजतात, नाहीतर सापाचे पिल्लू म्हणून ठेचतात. वरवरचे रूप नात्याविषयी किती चुकीची साक्ष देते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण सह्याद्रीत मला दिसत नाही.

शरीर उघडले की गोष्ट पालटते. आत पाठीचा कणा आहे, घट्ट सांधलेली कवटी आहे, वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा आहेत, आणि डावे फुप्फुस बहुधा खुरटलेले असते. सर्वांत बोलका अवयव म्हणजे डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली इवलीशी स्पर्शिका. मातीतले गंधकण ती टिपते. तिला आत ओढणारा स्नायू मुळात डोळा खोबणीत मागे खेचणारा, आणि तिला ओलावा पुरवणारी ग्रंथीही डोळ्याचीच. अंधारात डोळ्याचे काम उरले नाही, तेव्हा त्याचीच सामग्री दुसऱ्या इंद्रियाच्या कामी आली. एखादा अवयव कोऱ्या पाटीवर आखला असता तर असली उसनवारी कशाला लागली असती?

पण बिळातले जगणे सारखे असले की शरीरेही सारखी घडतात. मग शरीरावरून नाते कसे ठरवायचे? आक्षेप रास्त आहे, आणि जनुकांची साक्ष इथेच लागते. सह्याद्रीतच इक्थिओफिस नावाचे दुसरे देवगांडूळ आहे. त्याला छोटी शेपटी असते, इंडोटायफ्लसला नसते. डीएनएच्या तुलनेतही ही दोन घराणी वेगळीच निघाली. इक्थिओफिसचे सोयरे आग्नेय आशियात आहेत; 2002 मधल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरील अभ्यासाने ते भारतातून तिकडे पसरल्याचे मत मांडले. इंडोटायफ्लसचे जवळचे भाऊबंद मात्र हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत.

खाऱ्या पाण्यात ज्याची ओलसर कातडी टिकत नाही, तो प्राणी तिथे पोहोचला कसा? वाहत्या लाकडांवरून, असे कोणी म्हणेल. ते अशक्य नाही: आफ्रिकेजवळचे साओ टोमे हे समुद्रातून वर आलेले ज्वालामुखी बेट, मुख्य भूमीला कधीच न जोडलेले, तरी तिथे देवगांडूळ आहे. पण सेशेल्सची मुख्य बेटे ग्रॅनाइटची, म्हणजे खंडाचाच तुकडा. दख्खनचा लाव्हा उसळत होता त्या सुमारास तो भारतापासून सुटला. शिवाय केरळातल्या, 2003 मध्ये वर्णन झालेल्या नासिकाबॅट्राकस बेडकाचे जवळचे नातलगही सेशेल्समध्येच सापडतात. दोन निराळ्या घराण्यांनी एकच वाट दाखवावी, हा योगायोग मानणे मला जड जाते.

उरतो लाव्हाचा प्रश्न. त्या आगीत खंडाळ्याचे देवगांडूळ तगले कसे? ते तिथे तगलेच नसावेत, असे मला वाटते. इंडोटायफ्लसचे सख्खे गेगेनिओफिस आजही मुख्यतः गोवा, कर्नाटक आणि केरळात आहेत, आणि तिथला बराच भाग लाव्हाखाली गेलाच नव्हता. थंडावलेल्या बेसाल्टची झीज होऊन माती साचली, तसे खंडाळ्याच्या देवगांडुळांचे पूर्वज दक्षिणेकडून वर सरकले असावेत.