याला काय कळत नाही?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळात अंधाराची किंमत फार लवकर शून्य होते. २०१४च्या नियमांत एल्फ आणि ड्वार्फ ‘डार्कव्हिजन’ घेऊनच येतात. साठ फुटांपर्यंतचा मिट्ट काळोख त्यांना अंधुक उजेडासारखा दिसतो, फक्त रंग कळत नाहीत. अनेक राक्षसांकडेही हेच. मग गुहा काय नि दिवाणखाना काय! मशाल कोणी पेटवत नाही. अंधुक उजेडात नजरेने काही हुडकायचं तर फासा दोनदा टाकून लहान आकडा धरावा लागतो, ही मेख टेबलावर बसलेले सगळेच सोयीस्कर विसरतात.

रबाळ्यात मित्रांसाठी खेळ चालवताना माझी निम्मी तयारी म्हणजे राक्षसाच्या माहितीतली ‘सेन्सेस’ची ओळ पेन्सिलीने खोडणं. याला काय दिसतं, हे मी नंतर ठरवतो. याला काय कळत नाही, हे आधी.

पुस्तकातलं वटवाघूळ या बाबतीत नमुनेदार आहे. साठ फूट ‘ब्लाइंडसाइट’, म्हणजे डोळ्यांवाचून भोवताल जाणण्याची शक्ती, पण ती प्रतिध्वनीवर चालते; बहिरं झालं की अंधारात आंधळंही झालं. वीस फूट त्रिज्येत शांतता पसरवणारा ‘सायलेन्स’ मंत्र एरवी कोणी फारसा घेत नाही, वटवाघळांपुढे तो तलवारीला भारी पडतो. जुन्या आवृत्त्यांत डार्कव्हिजनच्या जागी उष्णता दिसणारी ‘इन्फ्राव्हिजन’ होती, आपल्या सह्याद्रीतल्या चापडा सापाला असते तशी. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ती गेली. मला ती अजून आवडते, कारण तिला फसवता येतं: अंगाला थंडगार चिखल फासा, विस्तवाच्या आडोशाला उभे राहा.

आपली भुतं तर याहून हुशारीने रचलेली. रात्री हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं घरोघरी सांगतात. म्हणजे भूत अंधारात पाहत नाही, उत्तराची वाट पाहतं. हा नियम मी जसाच्या तसा उचलला. त्यानंतर टेबलावर एकमेकांना नावाने हाक मारताना मंडळी अडखळू लागली.

सर्वांत जास्त काम ‘पर्पल वर्म’ या राक्षसी अळीवर झालं. तिला तीस फूट ब्लाइंडसाइट आणि साठ फूट ‘ट्रेमरसेन्स’, म्हणजे जमिनीतून येणारी कंपनं जाणण्याची शक्ती. पहिली मी काढून टाकली, दुसरी ठेवली. नियमाप्रमाणे उडणारा प्राणी ट्रेमरसेन्सला सापडत नाही. पण आमच्यात उडणारं कोणी नव्हतं. तेव्हा इथल्याच एमआयडीसीत मशीन मेंटेनन्स करणारा खेळाडू म्हणाला, “आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग गेलंय का ते ओळखतो. पण शेजारी प्रेस चालू असला तर काही कळत नाही. याचंही तसंच होणार ना?”

पुस्तकात याला उत्तर नाही, म्हणून मी केलं. गुहेतल्या झऱ्यावर मोडकं पाणचक्र बसवलं. ते फिरत असेल तर तीस फुटांच्या आत ट्रेमरसेन्स बंद. चक्र दुरुस्त करताना ठोकाठोक होणार आणि ती अळीला जाणवणार, म्हणून दोघे गुहेच्या दुसऱ्या टोकाला दगड आपटत राहिले. चक्र सुरू झालं, सगळे त्याच्याजवळ दाटीवाटीने उभे राहिले. त्या खडखडाटात अळीची चाहूल आपल्यालाही लागणार नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.