मोकळे मन आणि चित्रपट-समीक्षा

चित्रपट-समीक्षकाचे मन मोकळे असावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु मोकळे मन म्हणजे कोरे मन, असा त्याचा अर्थ पुष्कळदा केला जातो, आणि तो स्वीकारण्याजोगा नाही. शेकडो चित्रपट पाहिलेल्या समीक्षकाला स्वतःच्या अपेक्षा व अभिरुची विसरणे शक्य नसते. तेव्हा मोकळेपणाची कसोटी पूर्वग्रहाच्या अभावात न शोधता, त्या पूर्वग्रहाची कलाकृतीशी पुन्हा पडताळणी करण्याच्या तयारीत शोधली पाहिजे.

आर्थर पेन यांच्या 'बॉनी अँड क्लाइड' या अमेरिकन चित्रपटाचे १९६७ मध्ये झालेले स्वागत या दृष्टीने उद्बोधक आहे. मंदीच्या काळात बँका लुटणाऱ्या एका जोडीच्या या कथेत विनोद आणि रक्तपात शेजारी-शेजारी येतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर यांनी तिची कठोर निर्भर्त्सना केली. क्राउदर हे चित्रनियंत्रणाचे विरोधक व परदेशी चित्रपटांचे पुरस्कर्ते होते. उदार मते असली म्हणजे नवी कलारीती सहज उमगतेच असे नाही, हे यावरून दिसते.

'न्यूजवीक'च्या जोसेफ मॉर्गनस्टर्न यांचेही पहिले परीक्षण प्रतिकूलच होते. मात्र त्यांनी सामान्य प्रेक्षकांसमवेत तो चित्रपट पुन्हा पाहिला आणि पुढच्याच अंकात दुसरे परीक्षण लिहून पहिले अन्यायकारक असल्याचे मान्य केले.

एक प्रसंग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. दरोड्याच्या वेळी साथीदार मोटार भलत्याच जागी उभी करतो, आणि पळण्याची धांदल हास्यास्पद होते. इतक्यात मोटारीला लटकलेल्या बँकेच्या माणसाच्या चेहऱ्यावर गोळी झाडली जाते. विनोद व हिंसा यांची ही सरमिसळ रूढ निकषांना बेजबाबदार वाटते. परंतु प्रसंगांचा क्रम ध्यानात घेतल्यास, क्षणापूर्वीच्या हास्याचा जाब प्रेक्षकालाच द्यावा लागतो, असे आढळते.

अर्थात, मत बदलणे हा स्वयमेव गुण नव्हे. बहुमताच्या दडपणाखाली बदललेले मत हट्टाइतकेच निरुपयोगी होय. बदलाचे कारण चित्रपटातच दाखविता आले पाहिजे. म्हणून समीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम पडद्यावर काय घडते याचे नेमके वर्णन करावे व मूल्यनिर्णय त्यानंतर द्यावा. वर्णन आणि निर्णय यांत विसंगती दिसल्यास चित्रपट पुन्हा पाहावा.