अडुळसा : कुंपणावरचं खोकल्याचं औषध

शेताच्या बांधावर अडुळसा लावतात, कारण शेळी त्याला तोंड लावत नाही. लांबट पान चुरगळलं की उग्र वास येतो, चव कडूजहर. हा कडवटपणा अल्कलॉइड गटातल्या द्रव्यांचा. त्यांतलं मुख्य व्हॅसिसिन; सोबत व्हॅसिसिनोन. व्हॅसिसिन १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी पानांतून वेगळं केलं. श्वासनलिका सैल करणं आणि चिकट कफ पातळ करणं, हे गुण या द्रव्यांत प्रयोगशाळेत दिसले आहेत. आजीचा काढा उगाच टिकला नाही! व्हॅसिसिनच्याच रचनेवरून विसाव्या शतकात ब्रोमहेक्झिन तयार झालं. ते शरीरात गेल्यावर त्यापासून अँब्रॉक्झॉल बनतं. खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, यांपैकी एखादं नाव तिथे बऱ्याचदा सापडेल.

आयुर्वेदात अडुळसा ‘वासा’ या नावाने येतो. खोकला, दमा आणि रक्तपित्त (रक्तस्रावाचा विकार) यांवर त्याचा स्वरस मधातून देतात. वासावलेह, म्हणजे अडुळशाचं चाटण, तर घरोघरी माहीत आहे.

मात्र व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचनही घडवतं. त्यामुळे गर्भवतींनी अडुळशाचा काढा किंवा सिरप घेऊ नये. खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर काढ्यावर विसंबू नका. थुंकीची तपासणी करून घ्या.