तुरुंगाच्या दारातली पुडी आणि पोटातला मोबाइल

राणीसावरगावच्या एखाद्या घरातला माणूस परभणीच्या जिल्हा कारागृहात असेल, तर त्याच्या भेटीसाठी घरच्यांचा अख्खा दिवस जातो. आधी गंगाखेड, तिथून परभणी, मग नाव नोंदवून रांगेत थांबणे आणि शेवटी काही मिनिटांची मुलाखत. एवढे करून जाणाऱ्याला रिकाम्या हाताने जाववत नाही. आतल्या माणसाला तंबाखूची सवय असते आणि तो तीच मागतो. चपलेच्या तळात किंवा लाडवाच्या डब्यात एक पुडी सरकवली तर काय बिघडणार, असे घरच्यांना वाटते.

बिघडते ते दोन प्रकारे. पहिला प्रकार कायद्याचा. तुरुंगविषयक कायद्यानुसार मनाई असलेली वस्तू आत पोहोचवणाऱ्याला कैद होऊ शकते. गांजासारखा पदार्थ असेल तर अमली पदार्थांचा वेगळा, अधिक कडक कायदा लागू होतो. दुसरा प्रकार प्रकृतीचा, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

वस्तू आत जाते कशी?

31 मार्च 2015 रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी पळाले. त्यानंतरच्या झडतीत कारागृहात डझनावारी मोबाइल सापडले. डिसेंबर 2020 मध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहाच्या भिंतीवरून फेकलेल्या पुडक्यांत मोबाइल आणि गांजा निघाला. सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा नागपुरातच, न्यायालयातून परतलेल्या एका कैद्याच्या फायलीत मोबाइलच्या बॅटऱ्या व गांजा दडवलेला आढळला. म्हणजे मुलाखतीची खोली ही अनेक वाटांपैकी एक आहे. भिंत, न्यायालयाची फेरी, बाहेरून येणारा माल आणि क्वचित आतल्याच कर्मचाऱ्याचा हात, या बाकीच्या वाटा. त्यामुळे केवळ नातेवाइकांची झडती कडक करून प्रश्न सुटत नाही.

यंत्राला काय दिसते?

दारातली धातुशोधक चौकट बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्यातून धातूची वस्तू गेली की तिच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह फिरू लागतात. त्यांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र चौकट टिपते आणि घंटी वाजते. पण गांजा, गोळ्या, कागद, प्लास्टिक यांपैकी काहीच तिला कळत नाही. तिथे प्रशिक्षित श्वानाचे नाक उपयोगी पडते.

भिंतीत किंवा फरशीखाली पुरलेला मोबाइल बंद असला तरी तो शोधणारे उपकरण आहे. ते रेडिओलहरी सोडते. मोबाइलमधील अर्धवाहकाचे जोड त्या लहरी दुप्पट आणि तिप्पट कंप्रतेने परत पाठवतात. त्या परतलेल्या लहरींवरून उपकरण मोबाइल ओळखते.

शरीराच्या आत दडवलेल्या वस्तूसाठी क्ष-किरणांचे स्कॅनर वापरतात. त्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा मायक्रोसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. अशा स्कॅनरचा एका वेळचा डोस काही मायक्रोसीव्हर्टपर्यंत असतो. तरीही रोज ये-जा करणाऱ्यांच्या डोसची नोंद ठेवणे आणि गर्भवतींना त्यातून वगळणे आवश्यक असते.

मोबाइल निकामी करणारे जॅमर सोपे वाटतात, पण ते भिंत ओळखत नाहीत. शेजारच्या वस्तीचेही नेटवर्क ते बंद पाडतात. शिवाय जुन्या कंप्रतांसाठी बसवलेला जॅमर 4जी, 5जी आल्यावर निरुपयोगी ठरतो.

शरीर म्हणजे खिसा नव्हे

झडतीची चाहूल लागली की काही जण वस्तू गिळतात. जानेवारी 2022 मध्ये दिल्लीच्या तिहारमधील एका कैद्याने मोबाइल गिळला. डॉक्टरांना तो दुर्बिणीने बाहेर काढावा लागला. फेब्रुवारी 2023 मध्ये बिहारच्या गोपालगंज कारागृहातही असाच प्रकार घडला.

गिळलेली वस्तू जठराच्या तोंडाशी किंवा आतड्यात अडकू शकते. मग पोट फुगते, उलट्या होतात, आतड्याला छिद्रही पडू शकते. बॅटरी फुटली तर आतील रसायने ऊती जाळतात. घड्याळात असते तशी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. अमली पदार्थाची पुडी पोटात फुटली, तर अनेक डोस एकदम रक्तात उतरतात. अफूच्या वर्गातील पदार्थ असेल तर श्वास मंदावतो. वेळीच नॅलोक्सोन हे औषध व प्राणवायू मिळाला नाही तर मृत्यू ओढवतो. शिक्षेच्या भीतीने कैदी गप्प बसतो आणि उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून ‘गिळले आहे’ हे डॉक्टरला निर्धास्तपणे सांगता येणे जीव वाचवणारे ठरते.

मागणी कमी कशी होईल?

झडतीने पुरवठा अडतो, पण तलफ तशीच राहते. तंबाखू सुटल्यावर चिडचिड, निद्रानाश, अस्वस्थता पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. दारूचे मात्र वेगळे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, थरथर व ताप अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. कैदी आत आल्याच दिवशी व्यसनाची विचारपूस व औषधोपचार सुरू झाले, तर हा धोका टळतो. तिहारमध्ये 2008 पासून अफूवर्गीय व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू झाले, ते याच विचाराने.

मोबाइलचेही तसेच. चोरून बोलण्यामागे गुन्हेगारी जशी असते, तशी लेकराचा आवाज ऐकण्याची ओढही असते. येरवड्यात 2023 मध्ये स्मार्ट कार्डवर चालणारे अधिकृत फोन बसवले गेले. घरच्यांशी रीतसर बोलता आले, तर चोरट्या मोबाइलचे एक कारण तरी कमी होते.

भेटीला जाताना

• कोणीही दिलेले बंद पुडके ‘आत पोहोचवा’ म्हणून घेऊ नये.
• पैसे, कपडे कारागृहाच्या नियमानुसार, नोंद करूनच द्यावेत.
• रक्तदाब, मधुमेह, मिरगी, क्षयरोग यांची औषधे लपवून देऊ नयेत. डॉक्टरची चिठ्ठी व जुने कागद कारागृहाच्या डॉक्टरकडे पोहोचवावेत.
• माणूस रोज किती दारू पीत होता, कोणती गोळी घेत होता, हे लाज न बाळगता पहिल्याच भेटीत सांगावे.