लिनक्स संगणकातील उन्हाळी प्रमाणवेळ

उन्हाळी प्रमाणवेळ म्हणजे दिवसाच्या उजेडाचा अधिक उपयोग व्हावा यासाठी घड्याळ ठरावीक काळापुरते, बहुधा एक तास, पुढे करण्याची पद्धत होय. भारतात ती सध्या पाळली जात नाही. त्यामुळे जळगाव किंवा धुळे येथील संगणकाचे घड्याळ वर्षभर यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते. तथापि युद्धकाळातील नोंदी हाताळताना आणि परदेशातील वेळेशी मेळ घालताना या बदलांची दखल घ्यावी लागते.

कार्यपद्धती

लिनक्सचे कर्नल १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजते. उन्हाळी वेळ लागू झाल्याने ही मोजणी बदलत नाही. बदलते ते तिचे स्थानिक वेळेतील रूपांतर. त्याचे नियम टीझेड माहितीसंचात असतात. भारताचा विभाग 'एशिया/कोलकाता' असून 'एशिया/कलकत्ता' हे जुने नावही चालते. विभागाची निवड 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने करता येते. एखाद्या देशाने नियम बदलल्यास घड्याळ हाताने न फिरवता माहितीसंच अद्ययावत करावा लागतो.

मदरबोर्डवरील घड्याळ यूटीसीवर ठेवणे इष्ट असते. विंडोज ते स्थानिक वेळेवर असल्याचे गृहीत धरते. म्हणून दोन्ही प्रणाली असलेल्या संगणकावर भारतात साडेपाच तासांची तफावत दिसू शकते.

युद्धकाळातील वेळ

दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे, म्हणजे यूटीसीच्या ६ तास ३० मिनिटे पुढे होती. जळगावची सौर वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २८ मिनिटे मागे असते. त्यामुळे तेव्हा तेथे मध्यान्ह घड्याळात सरासरी १ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास होई.

पूर्व व पश्चिम खानदेशातील त्या काळच्या जन्मनोंदींवरून पत्रिका मांडताना हा तास महत्त्वाचा ठरतो. युद्धकालीन घड्याळानुसार सकाळी ८ म्हणजे आजच्या प्रमाणवेळेनुसार सकाळी ७. लग्नराशी सुमारे दोन तासांनी पालटत असल्याने हा तास वजा न केल्यास लग्न चुकू शकते. नोंद कोणत्या घड्याळावरून केली होती, हेही पाहावे लागते. कारण मुंबई शहरात १९५५ पर्यंत चाललेल्या 'मुंबई वेळे'साठी टीझेडमध्ये स्वतंत्र विभाग नाही.

परदेशाशी संपर्क

न्यूयॉर्क येथे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळ असते. तेव्हा भारताशी अंतर साडेनऊ तास, एरवी साडेदहा तास असते. तेथील वेळेनुसार ठरलेली बैठक 'अमेरिका/न्यूयॉर्क' या विभागासह नोंदवल्यास जळगावातील संगणक योग्य वेळ दाखवतो.